हैबतरावांच्या काचेचं रबर

हैबतराव आणि त्यांचा ट्रक यांची पहिली भेट जित्याला झाली. ती हैबतरावांच्या तोंडून ऐकायची असेल तर घरी जेवायला येत नाही असं सांगून निघावं. त्या दिवशी म्हणे जिते स्टेशनात शिरलेली गाडी जागच्या जागी थांबली. (ती तिथे रोजच थांबते, पण हा बारकावा हैबतराव गाळतात.) चिंचेवरचे कावळे एकदम गप्प झाले. वीटभट्टीचा धूर पडदा सरकावा तसा दोन बाजूंना सरकला आणि मधोमध तो उभा होता. समोर दोन काचा, मधे रबराची उभी पट्टी, जणू तेल लावून चापूनचोपून भांग पाडलाय. दोन्ही काचांवर ऊन पडलेलं, म्हणजे त्या दिवशी जित्यात दोन सूर्य उगवले होते. एक दिवा शाबूत, एक फुटका, त्यामुळे ट्रकने आपल्याला डोळा मारला अशी हैबतरावांची आजही पक्की समजूत आहे. चाकांवर घोसाळ्याचा वेल चढला होता आणि केबिनमध्ये एक शेळी व्यायली होती. शेळीने जागा खाली करायला आठवडा घेतला. पण प्रेमात पडलेल्या माणसाला शेळी दिसत नाही.

खरी गोष्ट एवढीच, की हैबतराव त्या दिवशी जित्याच्या एका वीटभट्टीवाल्याकडे म्हैस बघायला गेले होते.

म्हैस त्यांच्या बायकोला, बायजाला हवी होती. रोह्याच्या पलीकडे तळेखोल नावाची त्यांची वाडी. भातशेती, पाठोपाठ वाल, आणि दोन्हीतून उरणारा रिकामा वेळ. बायजाने हिशेब मांडला होता की म्हैस आली तर दूध रोज रोह्याला जाईल. ती संध्याकाळी हळदकुंकवाचं ताट, पेटतं निरांजन आणि ओल्या गवताची पेंढी घेऊन वाटेवर उभी राहिली. वळणावरून धूर आला, मग आवाज आला, मग ट्रक आला. बायजाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. निरांजन पेटवलेलं होतं, ते तसंच परत कसं न्यायचं, म्हणून तिने ट्रकला ओवाळलं. गवत बोनेटवर ठेवलं. मग नवऱ्याला एवढंच विचारलं, "दूध किती देतो?"

तेव्हापासून सगळ्या वाडीत त्या ट्रकचं नाव म्हैस पडलं. हैबतरावांनी नंबरप्लेटच्या वर स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरात काहीतरी भारदस्त नाव रंगवलं होतं, पण ते कुणी वाचत नसे.

हैबतरावांचा स्वभाव असा, की आपल्या मालकीच्या वस्तूत दोष असूच शकत नाही यावर त्यांचा गाढ विश्वास. ट्रक चढावर बंद पडला तर तो 'विचार करतोय'. पंक्चर झालं तर 'दमलाय'. ब्रेक उशिरा लागला तर 'सवड घेतोय'. आणि पावसाळ्यात पुढच्या काचेच्या कडेने केबिनमध्ये पाणी ठिबकायला लागलं, तेव्हा हैबतरावांनी शांतपणे सांगितलं की ट्रकला घाम येतोय. एवढा मोठा जीव, एवढं वजन वाहतो, घाम येणारच.

घामाचं कारण शेंबड्या पोरालाही कळलं असतं. काचेभोवतीचं रबर वाळून कडक झालं होतं, जागोजागी तडकलं होतं. ते बदलायचं म्हणजे काच काढायची, आणि काच काढायची म्हणजे परक्या माणसाने हैबतरावांच्या ट्रकला हात लावायचा. हे होणं नव्हतं. त्यांनी स्वतःचा उपाय काढला, आणि तो उपाय पेणला ज्याचं येणंजाणं आहे अशाच माणसाला सुचेल असा होता.

पेणला रमेशचा गणपतीचा कारखाना. रमेश त्यांचा जुना दोस्त. कारखान्यात शाडूची माती भिजवून मळलेली कायम तयार. हैबतरावांनी एकदा जाताजाता त्यातला लिंबाएवढा गोळा उचलला आणि रबराच्या फटीत अंगठ्याने दाबून भरला. माती वाळली, फट बुजली. वर रमेशच्या वाटीत उरलेला रंग फिरवला. त्या वर्षी तो पितांबराचा पिवळा होता. पुढच्या पावसात मातीचा थोडा भाग विरघळला, हैबतरावांनी पुन्हा गोळा लावला, त्या वर्षी रंग अंगाचा गुलाबी. मग शेल्याचा हिरवा. अशी वर्षं गेली. काचेची कड लांबून पाहिली तर कुणीतरी ट्रकला गोधडीचा काठ शिवलाय असं वाटायचं. शाडू पाण्यात विरघळतो, म्हणून तर गणपतीसाठी तो वापरतात. ही गोष्ट पेण तालुक्यातलं तान्हं मूलसुद्धा जाणतं. हैबतरावही जाणत होते. पण माझ्या ट्रकवर तो तसं करणार नाही, असा त्यांचा मातीशी एक वेगळा करार होता.

आता या ट्रकचा वाडीत एक मान होता, आणि त्या मानापायीच पुढचं सगळं घडलं.

तळेखोलचे सगळे गणपती पेणहून येतात, आणि ते हैबतरावांच्या ट्रकमधून येत. मागे हौद्यात भाताचा पेंढा पसरायचा, त्यात घरोघरच्या मूर्ती अंग चोरून बसायच्या. पण वाडीतल्या थोरल्या घराचा गणपती मागे बसत नाही. तो पुढे केबिनमध्ये, माणसाच्या मांडीवर, तोंडावर उपरणं घेऊन येतो. तो उतरल्याशिवाय मागचा एकही गणपती उतरत नाही. आणि ज्याची गाडी, तो त्या घरच्या पहिल्या आरतीला सगळ्यांच्या पुढे उभा राहतो. वर्षभर हैबतरावांना वाडीत कुणी फारसं विचारत नसे. ग्रामसभेत ते बोलायला उठले की लोकांना घरची कामं आठवत. पण त्या एका आरतीला त्यांच्या पुढे कुणी नसे, आणि हैबतराव तबक असं धरत की जणू ट्रकचं स्टिअरिंग.

थोरलं घर इंदुबाईंचं. वय झालेलं, पाठ ताठ, नजर त्याहून ताठ. गेल्या खेपेला त्यांच्या गणपतीला काय झालं हे वाडीला तोंडपाठ आहे. नागोठणं मागे टाकलं आणि सर आली. ट्रकला घाम सुटला. तो नेमका मांडीवरच्या मूर्तीच्या सोंडेवर पडला. उपरणं भिजलं, खाली रंग भिजला, आणि रोह्यापर्यंत सोंडेचं टोक मऊ होऊन एका बाजूला कललं. हैबतराव घाबरले नाहीत. त्यांनी ट्रक कडेला घेतला, काचेच्या कडेचा मातीचा एक तुकडा नखाने काढला, थुंकी नको म्हणून बाटलीतल्या पाण्याने भिजवला आणि सोंड सरळ केली. काम सुबक झालं होतं. भटजींनी अजून प्राणप्रतिष्ठा व्हायची आहे म्हणून चालवून घेतलं. पण इंदुबाई आरतीला वाकल्या, आणि त्यांना गणपतीच्या सोंडेला डिझेलचा वास आला.

प्रसाद वाटून झाल्यावर इंदुबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हैबता, पुढल्या साली केबिनात एक थेंब पडला ना, तर आमचा गणपती नितेशच्या टेम्पोतून येल. मग बाकीच्यांनी काय करायचं ते त्यांनी ठरवा."

बाकीचे काय ठरवणार हे उघड होतं. नितेश म्हणजे हैबतरावांचा पुतण्या. त्याने कंपनीतली शिफ्टची नोकरी सोडून नवाकोरा बंद टेम्पो घेतला होता. टेम्पो मागे घेताना त्यातून बाईचा आवाज यायचा, सावध राहा म्हणून सांगायचा. हैबतरावांच्या मते ज्या गाडीला मागे जाताना बाई लागते ती गाडी नव्हेच. पण टेम्पो गळत नव्हता, आणि या बाबतीत त्यांच्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं.

वर्षभर ते घामाची कारणं शोधत राहिले. शेवटी यंदा आषाढ सरला तेव्हा बायजाने त्यांना ट्रकमध्ये बसवलं, स्वतः शेजारी बसली आणि पेणला जनूच्या दुकानासमोर उतरवलं.

जनू हा पेणच्या नाक्यावरचा काचवाला. दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड, भिंतीला टेकवलेल्या काचा आणि मधोमध खुर्चीत जनू. बोलायला बसला तर त्याने बसवलेल्या काचा पाहून मुंबईहून लोक येतात, असं तो सांगे. मुंबईहून आलेला माणूस मात्र कुणी पाहिलेला नव्हता. तो ट्रकभोवती एक फेरी मारून आला, काचेच्या कडेवरून बोट फिरवलं, बोटाला लागलेला गुलाबी रंग पाहिला आणि विचारलं, "शेठ, काच बदलायची हाय का विसर्जन करायचंय?"

बायजा हसली. हैबतराव हसले नाहीत.

या जातीच्या ट्रकचं तयार रबर आता मिळत नाही, असं जनूने सांगितलं. पण लांबीवर कापून मिळतं, ते आपण जुळवू. मग त्याने पातळ पट्टी आत सारून जुनं रबर सोडवायला सुरुवात केली, आणि रबराच्या आधी माती बाहेर यायला लागली. पिवळी, खाली गुलाबी, खाली हिरवी, खाली पुन्हा पिवळी. एकावर एक थर, जसा चांगला जमलेला खाजा. जनूने हात थांबवला. दुकानाशेजारचे दोन रिक्षावाले बघायला आले. काच निघाली तेव्हा कळलं की खालच्या पत्र्याची कड गंजून पार पापड झाली होती, आणि रबर कुठेच काही धरत नव्हतं. इतकी वर्षं हैबतरावांच्या तोंडासमोरची काच केवळ शाडूच्या जोरावर उभी होती.

"म्हंजे देवानंच धरली होती म्हणायची," हैबतराव म्हणाले. त्यांच्या आवाजात ओशाळेपणा नव्हता, अभिमान होता.

"देवानं किती वर्सं धरायची?" बायजा म्हणाली. "त्याचा पन हात दुखला असंल."

पत्र्याला नवी कड जोडावी लागली. ते काम शेजारच्या वेल्डिंगवाल्याने केलं, आणि ते चाललेलं असताना हैबतराव पाठमोरे उभे राहिले, जसा दवाखान्यात सुई टोचताना बाप उभा राहतो. मग खरं काम आलं. जनूने नवं काळं रबर काचेच्या कडेला चढवलं. रबराला आतल्या अंगाने एक खाच असते, त्या खाचेत सगळ्या बाजूंनी दोरी बसवली आणि दोरीची दोन टोकं केबिनमध्ये सोडली. रबराला साबणाचं पाणी चोपडलं. आता जनू बाहेरून काच तळव्यांनी दाबत जाणार आणि आतल्या माणसाने दोरी हळूहळू ओढत जायची, म्हणजे रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवर आपोआप चढत जातो. जनूचा माणूस दोरी ओढायला आत शिरला, तर हैबतरावांनी त्याला खाली उतरवलं. दोरी ते स्वतः ओढणार होते.

जनूने अट घातली: एका चालीने ओढायची, मधे थांबायचं नाही, आणि मुख्य म्हणजे बोलायचं नाही. पहिल्या दोन अटी हैबतरावांना जमण्यासारख्या होत्या. पहिल्या काचेला त्यांनी अर्ध्यात जित्याची गोष्ट सुरू केली, कावळे गप्प होईपर्यंत पोचले, आणि दोरी सगळी एका झटक्यात बाहेर आली. रबर जागच्या जागी. जनूने काच उतरवली, पुन्हा दोरी भरली. दुसऱ्या वेळी बायजाने त्यांच्या तोंडात बडीशेपेची मूठ कोंबली आणि सगळं चावून होईपर्यंत बोलायचं नाही म्हणून बजावलं. दोन्ही काचा बसल्या. मधली उभी पट्टी बसली. भांग पुन्हा सरळ झाला.

मग जनूने बादल्या मागवल्या. वरून पाणी ओतलं, बाजूने मारलं, पाइप लावून सरळ काचेवर धरला. बायजा आत बसून कोपऱ्याकोपऱ्यात हात फिरवत होती. कुठे ओल नाही. बाहेर येऊन तिने कोरडा तळहात नवऱ्याच्या नाकासमोर धरला. इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्यांच्या नाकासमोर बरंच काही धरलं होतं, पण एवढ्या आनंदाने नाही. वाटेत हैबतराव पुनःपुन्हा काचेच्या कडेकडे बघत राहिले. एवढी बारीक काळी पट्टी, आणि तिच्यावर एवढा भरवसा ठेवायचा? तिला ना रंग, ना वजन. घरी आल्यावरही ते दिवसातून दोनदा केबिनमध्ये जाऊन बसत, सर येण्याची वाट बघत. सर यायची, थेंब पडायचा नाही, आणि त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

गणपती आणायचा दिवस आला. यंदा इंदुबाई स्वतः निघाल्या. आपल्या गणपतीला आपण मांडीवर घेऊ आणि काच गळते की नाही ते आपल्या डोळ्यांनी बघू, असं त्यांनी जाहीर केलं. बायजा मधे बसली. पेणला रमेशच्या कारखान्यात मूर्ती पेंढ्यात नीट बसवल्या जात होत्या, बायका हार बघत होत्या, आणि हैबतराव मातीच्या परातीजवळ उभे होते.

दर वर्षी या दिवशी ते इथून एक गोळा उचलायचे. यंदा कशाला? गरजच नव्हती. पण इतक्या वर्षांची रीत एकदम मोडायची म्हणजे त्यांना अशुभ वाटलं. शिवाय यंदा सगळी इज्जत पणाला लागलेली. गोळा नको, त्यांनी ठरवलं, नुसती चिमूट. शकुनाची. त्यांनी चिमूटभर ओला शाडू घेतला, खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला, क्लीनरच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात, म्हणजे जिथे मूर्ती बसणार तिथे, कारण तिथेच सगळ्यात जास्त काळजी घ्यायला हवी होती, नव्या रबराचा ओठ जरासा उचलला आणि चिमूट आत सारली. मग त्यांना फार बरं वाटलं. आता काच रबराने पण धरली होती आणि देवाने पण.

नागोठण्यापर्यंत ऊन होतं. हैबतराव मजेत होते. मागच्या टेम्पोवाल्यांना हात दाखवून पुढे जा म्हणत होते. भिसे खिंडीत ट्रक शिरला, नेहमीप्रमाणे विचार करायला लागला, आणि खिंडीतला पाऊस काचेवर कोसळला.

वायपर एका बाजूचाच चालत होता. हैबतराव रस्त्याकडे कमी आणि कोपऱ्याकडे जास्त बघत होते. बायजाही बघत होती. चढाचा पहिला भाग सुका गेला. मग वरच्या कोपऱ्यात, उचललेल्या त्या ओठापाशी, काहीतरी फुगलं, लोंबलं आणि सुटलं.

इंदुबाईंनी मूर्ती हलवली नाही. त्यांनी नुसता उजवा हात उचलला आणि गणपतीच्या डोक्यावर तळहात उताणा धरून तो थेंब झेलला. मग दुसरा. तिसरा. हात तसाच धरून त्या सगळी खिंड चढल्या आणि उतरल्या. रोह्याच्या जवळ पाऊस उघडला तेव्हा त्यांनी हात खाली घेतला, उजेडात धरला आणि निरखून पाहिला. तळव्यात दुधासारखं पांढरं पाणी होतं.

"हैबता," त्या म्हणाल्या, "तुझ्या गाडीला घाम पांढरा कधीपासून यायला लागला रं?"

हैबतरावांनी गिअर बदलला. गरज नव्हती.

बायजाने इंदुबाईंच्या तळहाताला बोट लावलं, बोटांत चोळलं. पेणच्या कारखान्यांत तिने लहानपणी हंगामाचं काम केलं होतं. तिला विचारावं लागलं नाही, तरी तिने विचारलं, "चिमूट टाकलीत नव्हं?"

"शकुनाची," हैबतराव म्हणाले.

यापुढे वाडीपर्यंत त्या केबिनमध्ये कुणी बोललं नाही. एवढा वेळ गप्प बसलेले हैबतराव बायजाने लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिले, आणि तिला त्यांची थोडी दया आली, ही गोष्ट तिने पुढे कुणालाही सांगितली नाही.

वेशीवर सगळी वाडी जमलेली. ढोलताशे होते, पण वाजवणारे वाजवायचं सोडून केबिनकडे बघत होते. नितेशही होता, टेम्पो धुवून पुसून बाजूला उभा. इंदुबाई मूर्ती घेऊन उतरल्या. उपरणं कोरडं, रंग कोरडा, सोंड सरळ. लोकांनी हुश्श केलं. कुणीतरी विचारलं, गळली का? हैबतराव स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होते. इंदुबाईंनी आपला पांढरा झालेला तळहात पदराला पुसला.

"जनूचं रबर चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "पन पुढल्या साली नितेशला सांगा. हा माणूस रबराला सुखानं काम करू देत नाय."

हैबतराव खाली उतरले आणि म्हणाले, "व्हय, काकी." त्या दिवशीची पहिली आरती त्यांनीच केली. तबक त्यांनी हलक्या हाताने धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी जनूला फोन गेला. तो येऊन चिमूट काढून, ओठ बसवून गेला. जाताना नितेशच्या टेम्पोच्या काचेवरही एकदा बोट फिरवून गेला. त्यानंतर ट्रक एकदाही गळला नाही. पण गणपती गेले म्हणजे लग्नाची वऱ्हाडं गेली, वऱ्हाडं गेली म्हणजे पेंढा आणि कौलं गेली. सगळं टेम्पोत जायला लागलं. ट्रक अंगणात उभा राहिला आणि त्याच्या चाकांवर घोसाळ्याचा वेल चढायला लागला. तेव्हा बायजा उठली, जित्याच्या त्याच भट्टीवाल्याकडे गेली आणि सौदा करून आली. त्याने ट्रक परत घेतला आणि बदल्यात आपल्या गोठ्यातली एक म्हैस दिली. ती आली तेव्हा बायजाने ताट आणि निरांजन काढली, आणि गवताची पेंढी हैबतरावांच्या हातात दिली.

म्हैस दूध बरं देते. गोठा गळतो.